आटे गेले, पण इंजिन वाचलं!

दोस्तांनो, शाळेत जायच्या घाईत पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसवून तुम्ही कधी तसंच पिळलंय? दोन-चार वेळा असं झालं की ते झाकण नुसतं गोल गोल फिरत राहतं, घट्ट काही होत नाही. आई म्हणते, "आटे गेले याचे!" बाटली असेल तर नवी आणता येते. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या इंजिनाचे आटे गेले तर?

फोक्सवॅगन कंपनीची 'बीटल' तुम्ही चित्रात नक्की पाहिली असेल. भुंग्यासारखी गोलमटोल, इंजिन मागच्या बाजूला. जर्मनीत जन्मलेल्या या गाडीचा शेवटचा नग मेक्सिकोत जुलै २००३ मध्ये तयार झाला. तोवर २ कोटी १५ लाखांहून जास्त बीटल बनल्या होत्या. हौशी लोक आजही त्या जपतात, आणि त्यांच्या इंजिनाचं एक दुखणं जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहे.

या इंजिनाची मुख्य पेटी, म्हणजे क्रँककेस, बहुतेक गाड्यांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. प्रयोगशाळेत सर जी फीत पेटवून दाखवतात आणि डोळे दिपतात, तेच हे मॅग्नेशियम. वजनाला अगदी हलकं! त्याच आकाराचा लोखंडाचा तुकडा साडेचार पट जड भरेल. पण ते पोलादापेक्षा बरंच मऊ. या मऊ पेटीत आटे पाडून पोलादाचे लांब दांडे बसवतात, त्यांना स्टड म्हणतात. चार सिलिंडर आणि त्यांच्यावरची दोन झाकणं, म्हणजे हेड, असे १६ स्टड आवळून धरतात.

इंजिन तापलं की हेड आणि सिलिंडर फुगतात. स्टड तुलनेनं थंड राहतात, त्यामुळे ते तेवढे लांबत नाहीत. मग ओढाताण सुरू होते. पोलाद काही हार मानत नाही, आणि एक दिवस मॅग्नेशियमचे आटे उपटून स्टड बाहेर येतो! हेड सैल पडतं, जळता वायू फटीतून निसटतो.

"मग पेटीच बदला की!" असं तुम्ही म्हणाल. इथंच खरी पंचाईत आहे. ही पेटी दोन अर्ध्या भागांची असते आणि आतल्या दांड्याची भोकं दोन्ही अर्धी एकत्र जोडून तासलेली असतात. एक अर्धं वाया गेलं की त्याचं जोडीदार अर्धंही निकामी. म्हणून मेकॅनिकला ही दुरुस्ती फार जपून करावी लागते.

तो करतो काय? बिघडलेलं भोक आणखी मोठं करतो! ऐकायला उलटंच वाटतं, नाही का? १० मिलिमीटरच्या स्टडसाठी १४ मिलिमीटरचे नवे आटे पाडतात. त्यात आतून-बाहेरून आटे असलेली पोलादाची नळी फिरवून बसवतात आणि स्टड त्या नळीत. आता वहीत परीघ काढून बघा. १० मिलिमीटर व्यासाला सुमारे ३१ मिलिमीटर, १४ ला ४४. म्हणजे तेवढ्याच खोलीत ओढ सोसायला मऊ धातू जवळजवळ दीडपट मिळाला. दुरुस्त केलेलं भोक नव्यापेक्षा दणकट! कंपनीनं स्वतःही १९७० च्या दशकात कारखान्यातच अशा नळ्या बसवायला सुरुवात केली. शिवाय स्टड जाड करायचे सोडून उलट बारीक, ८ मिलिमीटरचे केले. बारीक दांडा रबरासारखा थोडा जास्त ताणला जातो, त्यामुळे आट्यांवरचा ताण कमी होतो. मला तर यातली ही युक्ती सगळ्यात आवडते.

काम मात्र चिकाटीचं. ड्रिल जरा जरी तिरकं गेलं तरी स्टड तिरका बसेल, म्हणून ते सरळ धरायला साचा लावतात. आटे पाडणारा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा फिरवतात, म्हणजे कीस तुटून सुटा होतो. टॅपला ग्रीस लावलं की कीस त्यालाच चिकटतो, पेटीत सांडत नाही. आणि आसपास ठिणगीसुद्धा नको, कारण मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटला की भडकतो. अशा आगीवर पाणी तर मुळीच ओतायचं नाही. त्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी वाढते. कोरडी वाळू टाकायची. (घरी करून बघायचा हा प्रयोग नव्हे, बरं का!)

शेवटी नट आवळायची वेळ येते. इथं 'जोर लगाके' चालत नाही. जोर मोजणारा पाना लागतो. १० मिलिमीटरच्या स्टडला एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ३ किलोचं ओझं टांगावं, साधारण इतकाच जोर. तोही एकदम नाही, एकाआड एक नट थोडा थोडा. मग इंजिन सुरू करून मेकॅनिक कान देऊन ऐकतो, हेडजवळून कुठं 'फस्स' आवाज तर येत नाही ना!