चुंबक काढा, मग बोला!

'फक्त चार गोष्टी बघ. दिसते कशी, पळते कशी, पडल्यावर तुटते का आणि पैसे वसूल होतील का.' मामेभावाचा फोन. मला वाटलं, सेकंडहँड गाडी घेतोय. म्हटलं, 'दादा, मेकॅनिकला घेऊन जा ना!' तर म्हणाला, 'अगं, तेरा सेंटिमीटरची आहे.'

आता बोला! शनिवारी सकाळी पनवेलहून एसटी पकडली, खारपाडा पूल मागे टाकला आणि पेणच्या रामवाडीला उतरले.

दादाचा प्लॅन एकदम साधा. मामाचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती रवाना झाल्या की वरचा माळा काही महिने रिकामा. तिथे स्लॉट कारचा ट्रॅक टाकायचा आणि शनिवार-रविवार पोरांना तिकीट लावून खेळू द्यायचं. ट्रॅक मित्राने परदेशातून येताना आणून दिला. गाडी नमुन्याला एकच मागवली. हातात पडेपर्यंत साडेपाच हजार! पसंत पडली तर आणखी पाच घ्यायच्या, म्हणजे साडेसत्तावीस हजार. तेही दिवाळीच्या बोनसमधून. वहिनीला अजून पत्ता नाही. टेन्शन कळलं ना?

खाचेचा फंडा

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅकमध्ये एक खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखालचा 'गाइड' खाचेत बसतो. त्याच्या दोन बाजूंच्या तांब्याच्या जाळीदार वेण्या पट्ट्यांना घासतात आणि मोटरला करंट मिळतो. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं पेडल नाही. हातात फक्त एक ट्रिगर. जास्त दाबला की वळणावर गाडी खाचेतून बाहेर. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ मध्ये 'स्केलेक्स्ट्रिक' नावाने हा खेळ बाजारात आणला, १९६३ मध्ये जर्मनीची 'कॅरेरा' आली, आणि जगभर घराघरांत रेसिंग सुरू झालं.

आखणी पास!

आमची गाडी म्हणजे फोर्ड जीटी४०, खऱ्या गाडीच्या एक-बत्तिसांश. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' (२०१९) पाहिला असेल तर ओळख आहेच. याच घराण्याने ले माँची रेस १९६६ ते १९६९ सलग चार वेळा मारली. नावातला ४० म्हणजे उंची, चाळीस इंच. भागिले बत्तीस, सव्वा इंच. मोजपट्टी लावली, बरोब्बर!

दिसण्याचा निकाल मात्र मामांवर सोडला. त्यांचं आयुष्य मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात गेलंय. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी गाडी डोळ्यांजवळ धरली. नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा पांढरा पट्टा टपावर आणि इंजिनच्या झाकणावर जुळतो का, ते पाहिलं. 'डोळा चुकला की अख्खी मूर्ती चुकते. याचे दिवे चुकलेले नाहीत. पण मागच्या कडेला रंग जाड बसलाय.' मी भिंग घेऊन पाहिलं. खरंच होता.

चुंबकाची जादू

आता पळवायची. ट्रॅक आठ मीटरचा. पहिल्याच प्रयत्नात मी चार सेकंदांत फेरी मारली. सेकंदाला दोन मीटर म्हणजे ताशी सव्वासात किलोमीटर, आणि बत्तिसाने गुणलं तर ताशी २३०! मी फुल टू खूश. दादा हसत होता.

गाडीच्या पोटात एक छोटं, पण दमदार चुंबक असतं. ते खालच्या लोखंडी पट्ट्यांना ओढून गाडी जमिनीला चिकटवून ठेवतं. ट्रिगर निम्मा दाबा नाहीतर पूर्ण, फारसा फरक नाही. दहाव्या फेरीला मला जांभई आली. आणि चुंबकाची एक गंमत आहे. ते धरून ठेवतं तोवर ठीक, पण एकदा सुटलं की काही इशारा न देता गाडी थेट भिंतीत!

दादाने चुंबक काढलं. पहिल्याच वळणावर मी बाहेर. दुसऱ्या फेरीत पुन्हा बाहेर. शिवाय गाडी मागून थरथरत होती. कारण सापडलं, मागच्या एका टायरला साच्याची बारीक कड राहिली होती. कारखान्यात पॉलिश पेपरला काय तोटा! मागच्या चाकांखाली कागद धरला, गाडी हाताने दाबली आणि ट्रिगर हलकेच चालू ठेवला. पाच मिनिटांत टायर गोल. बॉडीचे स्क्रू अर्धा आटा सैल केले, म्हणजे बॉडीची थरथर चाकांपर्यंत जात नाही. मासे पकडायच्या जाळ्याला लावतात ते शिसं चपटं करून तळाला मधोमध चिकटवलं.

आणि मग... गाडी बोलायला लागली! वळणात शिरताना शेपूट जराशी बाहेर सरकते, तेव्हाच ट्रिगर सोडायचा, सरळ होताना पुन्हा दाबायचा. तासाभराने माझी फेरी साडेपाच सेकंदांची झाली. चुंबकापेक्षा दीड सेकंद जास्त, पण प्रत्येक फेरी मी स्वतः चालवलेली. बुटकी, रुंद गाडी असल्याने ती उलटत नाही, घसरते. आणि घसरण्याआधी सांगते. माझ्या मते चांगल्या गाडीची खूण हीच.

पण पोरांचं काय?

पोरं ती आपटणारच. आमच्या चाचणीत एक आरसा तुटला, वेण्यांचे दोन-चार तंतू सुटले. गाइड आणि चाकं ठणठणीत. जीटी४०ला बाहेर आलेले भाग कमी, हा मोठा फायदा. म्हणून सल्ला दिला : पाच नको, तीनच घे. आरसे आधीच काढून ठेव, वळणांच्या बाहेर फोम लाव. नवख्याला पहिली दहा मिनिटं चुंबक, मग काढायचं. नाहीतर पोरगं एकदा येईल, जिंकेल आणि परत फिरकणार नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वहिनी! तिने काही न विचारता ट्रिगर हातात घेतला. चुंबक नव्हतं. तीनदा पडली, चौथ्या फेरीला पाच पूर्णांक दोन. माझ्यापेक्षा फास्ट! मग दादाकडे वळून म्हणाली, 'मस्त आहे. केवढ्याला?'

दादा खाचेतून बाहेर.

रिपोर्ट कार्ड (५ पैकी)
रूप : ४
चुंबकासह मजा : २
चुंबकाशिवाय मजा : साडेचार
टिकाऊपणा : साडेतीन
पैसे वसूल : वहिनींवर अवलंबून!