हवेचा हिशेब (भाग ७) : पाठीवरचं इंजिन

मागच्या आठवड्यात आपण मोटारींच्या धुराबद्दल बोललो. मोटारीच्या तुलनेत अगदी किरकोळ दिसणारं एक इंजिन हवा तिच्याहून जास्त कसं नासवतं, ते आज पाहू.

कॅलिफोर्नियातल्या उपनगरांत सकाळी पिकअप ट्रकमधून माळी उतरतात. त्यांतले बरेच जण मेक्सिकोतून आलेले. हिरवळ कापून झाली की पेट्रोलवर चालणारा लीफ ब्लोअर पाठीला लावायचा, हवेच्या झोताने पाचोळा कडेला लोटायचा आणि पुढचं अंगण गाठायचं. दिवसभर हेच. धुराचं नळकांडं त्यांच्या पाठीशीच असतं.

अशा ब्लोअरमध्ये बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असतं. जुनी बजाज चेतक किंवा लुना चालवलेल्यांना ते ओळखीचं आहे: पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि मागे निळसर धूर सोडत जायचं. या इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलण्याचं काम आत येणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रणच करतं. त्या वेळी बाहेरची वाट उघडी असते. त्यामुळे साध्या टू-स्ट्रोकमध्ये पाव ते एक तृतीयांश इंधन न जळताच निसटतं. हे न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तोच दमेकऱ्यांच्या छातीवर बसतो.

कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मांडलेला हिशेब थक्क करणारा आहे. व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवला, तर टोयोटा कॅमरी लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत, म्हणजे सुमारे १,१०० मैल नेण्याइतकं प्रदूषण होतं. मुंबई-दिल्लीपेक्षा लांबचा हा पल्ला. मात्र ही तुलना धुरकं करणाऱ्या वायूंची आहे, कार्बन डायऑक्साइडची नाही. तो इतक्या प्रवासात मोटारच कितीतरी जास्त सोडेल. आकडा सांगताना हा फरक गाळला जातो, तो गाळू नये.

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी यासाठीच्या कायद्यावर सही केली. त्यानुसार झालेल्या नियमामुळे २०२४ च्या मॉडेलपासून बागकामाची बहुतेक नवी यंत्रं धूरविरहित असावी लागतात. जुनी वापरायला मनाई नाही. वॉशिंग्टन शहर त्याच्या पुढे गेलं: तिथे १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलचे ब्लोअर वापरण्यावरच बंदी आहे.

घरच्या अंगणापुरतं बॅटरीचं यंत्र सहज पुरतं. अडचण माळ्याची आहे. एका बॅटरीवर त्याचा दिवस निघत नाही. चार-पाच जास्तीच्या बॅटऱ्या आणि त्या चार्ज करायची सोय लागते. हा खर्च त्याने एकट्याने का सोसावा? राज्याने छोट्या व्यावसायिकांसाठी ३ कोटी डॉलर ठेवले, पण एवढ्या मोठ्या राज्यात ही रक्कम तोकडीच आहे. धूर सगळ्यांत आधी ज्याच्या नाकात जातो, त्याच्याच खिशाला चाट लावून होणारी सुधारणा मला अपुरी वाटते.

फ्रीमाँट, सनीव्हेलकडच्या मराठी वाचकांना म्हणूनच सांगणं आहे: तुमच्या माळ्याशी बोला. बॅटरीची यंत्रं आणणार असेल तर महिन्याकाठी थोडे डॉलर जास्त द्या, आणि दुपारी बॅटरी चार्ज करायला त्याला गॅरेजमधला प्लग वापरू द्या.