टेकडीवरचे सेंट सर्गियस

पॅरिसच्या एकोणिसाव्या विभागात, क्रिमे रस्त्यावरील 93 क्रमांकाच्या फाटकातून शिरून झाडीतली चढण चढून गेल्यावर सेंट सर्गियसचे जे रशियन ऑर्थोडॉक्स चर्च दृष्टीस पडते, ते मुळात रशियनांनी बांधलेले नव्हे. 1858 मध्ये पॅरिसला आलेल्या बोडेलश्विंग या तरुण जर्मन पाद्र्याने, रस्ते झाडून उदरनिर्वाह करणाऱ्या आपल्या दरिद्री देशबांधवांसाठी ही टेकडी मिळवून तेथे शाळा व प्रार्थनामंदिर उभारले. परंतु पहिले महायुद्ध पेटताच फ्रेंच सरकारने ही मिळकत शत्रूची म्हणून जप्त केली आणि 1924 मध्ये तिचा जाहीर लिलाव पुकारला.

क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या रशियनांची पॅरिसमध्ये त्या वेळी इतकी दाटी झाली होती, की झारशाहीच्या काळात बांधलेले अलेक्झांडर नेव्हस्कीचे कॅथीड्रल त्यांना अपुरे पडू लागले होते. त्यांचे धर्माधिकारी मेट्रोपॉलिटन येवलोगी यांच्या खजिन्यात म्हणावी अशी शिल्लक नव्हती. तथापि 18 जुलै रोजी, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे ज्या दिवशी रादोनेझच्या संत सर्गियसचा उत्सव येतो नेमक्या त्याच दिवशी, 3,21,000 फ्रँकांची बोली त्यांच्या पक्षाच्या नावे कायम झाली, आणि सर्गियसचे नाव या वास्तूला लाभले ते त्या योगामुळेच.

बोली जिंकली, पण रक्कम भरावयाची होती. निर्वासितांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी दिली. आणि रशियन आरमाराला रसद पुरवून पूर्वी संपन्न झालेल्या मोइसेई गिन्झबुर्ग या व्यापाऱ्याने एक लक्ष फ्रँक बिनव्याजी दिले. गिन्झबुर्ग यहुदी होते. ज्या साम्राज्याने यहुद्यांच्या वस्तीला हद्द आखून दिली, जेथे त्यांच्या घरांवर वारंवार दंगेखोर कोसळले, त्याच साम्राज्याच्या विस्थापित ख्रिस्ती प्रजेला देवालय मिळावे म्हणून एका यहुद्याने आपली थैली सोडावी, यापरते औदार्य मला तरी ठाऊक नाही. आपण राजांची दानपत्रे आणि ताम्रपट आदराने जपतो. हे कर्जही त्याच पंक्तीत मानाने बसविण्याच्या योग्यतेचे आहे.

चित्रकार द्मित्री स्तेलेत्स्की यांनी पुढे या साध्या ल्यूथरपंथी भिंती प्राचीन रशियन शैलीच्या चित्रांनी मंडित केल्या. 1 मार्च 1925 रोजी चर्चची प्रतिष्ठापना झाली. त्याच वर्षी येथे धर्मशास्त्राचे विद्यापीठ सुरू झाले, आणि मायदेशातून हद्दपार झालेले तत्त्वज्ञ सर्गेई बुल्गाकोव यांनी 1944 मधील आपल्या निधनापर्यंत तेथेच अध्यापन केले.