पवनऊर्जा प्रशिक्षण संच : प्रयोगशाळेत नेमके काय मोजावे?

देवास जिल्ह्यात पवनचक्की ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. देवास शहराजवळील जामगोदराणीच्या टेकड्यांवर १९९० च्या दशकापासून पवनचक्क्या उभ्या आहेत. त्याच जिल्ह्यातील लोहारदासारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याला पाती फिरतात हे ठाऊक असते. वाऱ्याची वीज किती व कशी होते, हे मात्र त्याला प्रयोगशाळेतच कळू शकते. माळव्यात जोराचा वारा मुख्यतः पावसाळ्यात वाहतो आणि प्रात्यक्षिके बहुधा हिवाळ्यात होतात. त्यामुळे पंख्यावर चालणारा प्रशिक्षण संच आवश्यक ठरतो.

सदर संचात झोताचा पंखा, लहान चक्र, स्थायी चुंबकाचे जनित्र, एकदिशकारक, बदलता रोध, व्होल्टमापी, अँपिअरमापी व वायुवेगमापी एवढी साधने असतात. पुष्कळ ठिकाणी जनित्राला लहानसा दिवा जोडतात, तो लागतो आणि प्रयोग संपतो. हा प्रयोग नव्हे, करमणूक आहे. भार न जोडता व्होल्टमापीवर चांगला आकडा दिसतो, परंतु परिपथात धारा नसल्याने मिळणारी शक्ती शून्यच असते. याउलट रोध फार कमी केला तर धारेमुळे जनित्र चक्राला अडवते, चक्र मंदावते आणि शक्ती पुन्हा घटते. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी कमाल शक्तीचा बिंदू असतो. तो विद्यार्थ्याने स्वतः शोधावा, यासाठीच बदलता रोध दिलेला असतो.

वाऱ्यातील शक्ती म्हणजे हवेची घनता, चक्राने व्यापलेले क्षेत्रफळ व वेगाचा घन यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग. पाठ्यपुस्तकात घनता १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर दिलेली असते, ती समुद्रसपाटीची. देवास शहर सुमारे ५३५ मीटर उंचीवर असल्याने तेथे १.१ धरणे अधिक योग्य. चक्राचा व्यास ४० सेंटीमीटर आणि वेग सेकंदाला ५ मीटर असल्यास वाऱ्यात सुमारे ८.६ वॅट शक्ती असते. वेग ४ मीटर झाला की जेमतेम ४.४ वॅट. वेग पाचव्या हिश्शाने कमी झाला आणि शक्ती जवळजवळ निम्मी! म्हणून वेग एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. पंख्याचा झोत मध्यभागी व कडेला सारखा नसतो, शिवाय तो पीळ घेत येतो. पेय पिण्याच्या नळ्यांची जुडी झोताच्या वाटेत बसवल्यास पीळ बराच कमी होतो.

बेट्झच्या नियमानुसार वाऱ्यातील शक्तीपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणत्याही चक्राला घेता येत नाही. लहान संचात प्रत्यक्ष आकडा याहून खूपच खाली येतो आणि विद्यार्थ्यांना वाटते की आपले चुकले. मग वहीत ‘बरोबर’ आकडे लिहिले जातात. शिक्षकाने येथेच थांबून ऱ्हासांचा हिशेब मागावा. सेतू एकदिशकारकात एका वेळी दोन डायोडांतून धारा जाते व सुमारे १.४ व्होल्ट तेथेच खर्च होतात. मूळ विभवांतर ४ व्होल्ट असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग दिसेनासा होतो. जनित्राच्या वेटोळ्यातील उष्णता व घर्षण यांचा वाटा वेगळाच.

वेग बदलून प्रयोग करताना एकच रोध कायम ठेवू नये. प्रत्येक वेगासाठी कमाल शक्तीचा बिंदू नव्याने शोधावा लागतो. वारा वाढला की त्यासाठी लागणारा रोध कमी होतो. तसे न केल्यास आलेख घनाच्या नियमाप्रमाणे येत नाही आणि दोष नियमालाच दिला जातो.