इंटरनेट रेडिओवरील स्थानकांचा शोध

मार्व्याहून तरीनें खाडी ओलांडली कीं मनोरी गांव लागतें. खाडीच्या अलीकडे, मालाडच्या मालवणी भागांत, आकाशवाणीचें मध्यम लहरींचें प्रक्षेपण-केंद्र उभारण्यांत आलें. अशा बलवान शेजाऱ्यापाशीं साधा रेडिओ लावला, तर शेजारचें स्थानक खणखणीत ऐकूं येतें. मात्र पट्ट्यावर त्याच्या आसपास असणारीं दुबळीं स्थानकें दबून जातात. मध्यम लहरींच्या पट्ट्यांत ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झपर्यंत, ९ किलोहर्ट्झच्या अंतरानें, अवघ्या १२० जागा आहेत. रात्रीं वातावरणाच्या विद्युद्भारित थरावरून परतलेल्या लहरी दूरचें एखादें स्थानक आणून देतात. उजाडतांच तें लोपतें. कोणतें स्थानक लाभावें, हें तेथें अंतर आणि शक्ति यांवर ठरतें.

इंटरनेट रेडिओला हें बंधन नाहीं. त्यांत शोध घ्यावयाचा तो लहरींचा नव्हे, यादींतील नोंदीचा. ‘रेडिओ ब्राउझर’ या नांवाची अशी एक मोठी यादी श्रोत्यांच्याच सहकार्यानें चालते, व अनेक ॲप तिचा उपयोग करतात. प्रत्येक नोंदींत स्थानकाचें नांव, देश, भाषा, विषयदर्शक शब्द आणि ध्वनिप्रवाहाचा पत्ता यांसाठीं रकाने असतात. पत्ता चालू आहे कीं बंद, हें यंत्र वरचेवर तपासतें. परंतु नांव वा भाषा बरोबर लिहिली आहे कीं नाहीं, हें त्याला कळत नाहीं.

खरी अडचण येथेंच आहे. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हां तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें होतें. पुढें ‘ऑल इंडिया रेडिओ’ आणि ‘आकाशवाणी’ हीं दोन्ही नांवें रूढ झालीं. १९९५ मध्यें ‘बॉम्बे’चें अधिकृत नांव ‘मुंबई’ झालें. २०२३ मध्यें प्रसार भारतीनें केवळ ‘आकाशवाणी’ हेंच नांव वापरण्याचें ठरविलें. परंतु यादींतील जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहींत.

म्हणून श्रोत्यानें प्रथम भाषेच्या रकान्यांत मराठी निवडावी. तेवढ्यानें न भागल्यास ती अट काढून देश आणि शहर यांवरून शोधावें. नांव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत, जुनें व नवें असें दोन्ही प्रकारें, आणि संपूर्ण न लिहितां त्यांतील एकच शब्द घालून पाहावें. एकाच स्थानकाच्या दोन नोंदी आढळल्यास प्रवाहाचा वेग पाहावा: सेकंदाला ६४ किलोबिटांचा प्रवाह तासाला सुमारें २९ मेगाबाइट खर्च करतो, १२८ किलोबिटांचा त्याच्या दुप्पट.

भाषेचा रकाना कोरा राहिला, तर मराठी स्थानक यादींत असूनहि मराठी श्रोत्याच्या दृष्टीस पडत नाहीं. शिवाय मतांच्या क्रमानें यादी मांडली, कीं लहान स्थानकें तळाशीं जातात. पूर्वीं प्रबळ लहरी जें झांकीत, तें आतां अपुरी नोंद झांकते. फरक इतकाच, कीं लहरींपुढें श्रोता निरुपाय होता; या यादींत मात्र राहून गेलेलें स्थानक त्याला स्वतः नोंदवितां येतें, आणि तें नोंदवितांना भाषेचा रकाना भरण्यास क्षणभरच लागतो.