दोन टाक्या, एक पाणी

काचेच्या दोन टाक्या वीतभर अंतर सोडून शेजारी शेजारी ठेवल्या आणि पारदर्शक ॲक्रिलिकची उलट्या ‘यू’सारखी नळी पाण्याने पूर्ण भरून तिचे दोन पाय दोन टाक्यांत बुडवले, की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. नळीचा माथा दोन्ही टाक्यांतल्या पाण्याच्या वर असतो, तरी आतले पाणी खाली येत नाही. एका टाकीत तांब्याभर पाणी ओतावे. थोड्याच वेळात दोन्हींची पातळी पुन्हा सारखी होते. पंप नाही, वीज नाही. नळी पुरेशी रुंद असली तर गप्पी मासे तिच्यात शिरून पलीकडच्या टाकीत जातात, म्हणजे चक्क पाण्याच्या पातळीच्या वरून पोहत जातात. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो. इथे त्याला वीतभर उंची पेलायची असते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे काम किरकोळच.

या पाण्याच्या पुलाकडे बहुतेक जण शोभेची वस्तू म्हणून पाहतात. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा खरा उपयोग थंडाव्याची वाटणी करण्यासाठी होऊ शकतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो: गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. समुद्राच्या पाण्यात याहूनही सुमारे एक पंचमांश कमी. त्याच वेळी तापलेल्या पाण्यात माशाचे शरीर जोरात चालते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनियाही उबदार पाण्यात अधिक घातक ठरतो. पाणी गार करणारा चिलर महाग असतो. घरात दोन टाक्या असतील तर दोघींसाठी एकच चिलर चालवावा, हा विचार साहजिक आहे.

तो नवा मात्र नाही. ‘अक्वेरियम’ हा शब्द फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ साली रूढ केला आणि काही वर्षांतच लंडनमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या आल्या. त्यातल्या पुष्कळशा उन्हाळ्यात नासत. विल्यम ऑल्फर्ड लॉइड या माणसाने त्यावर तोड काढली. हा आधी बुकबाइंडरकडे काम करणारा, मग मत्स्यालयाच्या सामानाचा दुकानदार; पुढे हॅम्बुर्गच्या प्राणिबागेतले मत्स्यालय (१८६४) आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले (१८७१) त्याच्या पद्धतीने उभे राहिले. सगळ्या टाक्यांचे पाणी जमिनीखालच्या एका अंधाऱ्या हौदात उतरवायचे आणि पंपाने पुन्हा वर चढवायचे, ही त्याची पद्धत. हौद दाखवायच्या टाक्यांपेक्षा कित्येक पटींनी मोठा, आणि तोही जमिनीच्या पोटात, म्हणून पाणी उन्हाळ्यातही गार राही. अंधारामुळे शेवाळ धरत नसे. वर चढताना पाण्यात हवा मिसळे. आन्टोन डोर्न याने नेपल्सला समुद्रजीवांचे संशोधन केंद्र उभारले तेव्हा तिथल्या मत्स्यालयासाठी लॉइडचाच सल्ला घेतला. ते १८७४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आज टाकीखालच्या कपाटात ‘सम्प’ नावाची जी दुसरी टाकी दडवतात, ती लॉइडच्या हौदाचेच छोटे रूप आहे. एवढा मूलभूत बदल करणाऱ्या माणसाचे नाव हौशी मंडळींत फारसे कोणाला ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते.

आता घरच्या जोडणीकडे. पूल नुसत्या पातळ्या सारख्या करतो; थंडावा वाटायला पाणी सतत फिरवावे लागते आणि त्याला पंप लागतोच. पहिला प्रश्न असा, की दोन टाक्यांमध्ये किती पाणी फिरवायचे? बहुतेक जण गरजेच्या कितीतरी पट मोठा पंप आणतात. एक लिटर पाणी एक अंशाने गार करायला सुमारे १.१६ वॉट-तास उष्णता काढावी लागते. समजा चिलर पहिल्या टाकीला लावला आहे, आणि दुसऱ्या टाकीत दिवे, फिल्टर व खोलीतली गरम हवा मिळून १०० वॉट उष्णता सतत शिरते आहे. दोघींमध्ये तासाला १०० लिटर पाणी फिरले तर दुसरी टाकी पहिलीपेक्षा जेमतेम ०.९ अंशाने गरम राहील. तासाला ३०० लिटर फिरवले तर फरक ०.३ अंशावर येतो. यापुढे पंप मोठा केल्याने माशांना काही कळणारही नाही. धोका तेवढा वाढेल.

धोका कसा, ते पुलाकडे पाहिले की समजते. पंप पहिल्या टाकीतून दुसरीत पाणी टाकतो आणि ते पुलावरून परत येते. परत येण्यासाठी दुसरीची पातळी थोडी उंच असावीच लागते, कारण त्या फरकावरच पूल वाहतो. आतून २५ मिलिमीटर व्यासाची, मीटरभर लांबीची नळी आणि तासाला ६०० लिटर प्रवाह धरला तर हा फरक साधारण २ सेंटिमीटर येतो. प्रवाह दुप्पट केला की फरक चौपट, म्हणजे ८ ते ९ सेंटिमीटर. तेवढ्यात टाकीचा काठ ओलांडला जाऊ शकतो. आणि प्रवाह तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर फरक सोळा पटींहून अधिक होतो, तेव्हा पाणी थेट फरशीवर. म्हणून पंप लहान आणि पूल जाड. दुकानात याच्या नेमकी उलट जोडी गळ्यात पडण्याचा संभव असतो, कारण पंपाच्या खोक्यावरचा मोठा आकडा सगळ्यांना भुरळ घालतो. तो आकडा पाणी अजिबात न चढवता मोजलेला असतो, हे वेगळेच.

पुलाचा खरा शत्रू हवा. माथ्याशी दाब कमी असल्याने पाण्यात विरघळलेली हवा तिथे बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. पाणी तापत असेल तर आणखीच. फिल्टरचे बुडबुडेही आत शिरतात. बुडबुडे साठत साठत माथा हवेने भरला की धार तुटते. पंपाला मात्र याची खबर नसते. तो पाणी टाकतच राहतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. एक, माथा शक्य तितका बुटका ठेवावा आणि तिथे बारीक नळी बसवून ती पंपाच्या ओढीशी जोडावी, म्हणजे साठणारी हवा सतत खेचली जाते. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा. पंप टाकीच्या तळाशी मोकळा ठेवायचा नाही. कोपऱ्यात काचेचा कप्पा करून त्यात ठेवायचा आणि त्या कप्प्यात पाणी येण्याची खाच नेहमीच्या पातळीच्या फक्त दोन सेंटिमीटर खाली ठेवायची. पूल तुटला तरी पंप त्या दोन सेंटिमीटरचे आणि कप्प्यातले पाणीच उचलू शकतो. दुसऱ्या टाकीला वर चार-पाच सेंटिमीटर काठ रिकामा असला तर घर कोरडे राहते. कोरडा चालून पंप कदाचित जळेल. जळू द्यावा.

पुलाच्या पायांची लांबीही विचार करून ठरवावी. पाय तळापर्यंत नेले आणि एका टाकीची काच तडकली, तर पूल दुसरी टाकीही इमानेइतबारे रिकामी करून देतो. पाय पाण्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातच संपवले तर दुसऱ्या टाकीतले दोन तृतीयांश पाणी आणि मासे वाचतात. दोन टाक्यांना खाली भोके पाडून आडवा पाइप टाकणाऱ्यांना ही सवलत नसते. त्यांनी दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइपाचा सोडवता येणारा सांधा) बसवावेच, आणि भोक पाडण्यापूर्वी काच टफन्ड नाही याची खात्री करावी. टफन्ड काच ड्रिल लावताच चुरा होते.

पुलाला वीज गेल्याची भीती नाही, दोन्ही पातळ्या सारख्या होऊन बसतात. सम्पचे तसे नाही. तिथे पाणी ओव्हरफ्लोच्या कडेवरून खाली उतरत असते आणि पंप ते वर चढवत असतो. वीज गेली की वरचे पाणी कडेच्या पातळीपर्यंत खाली येते, शिवाय परतीच्या पाइपाचे तोंड बुडालेले असेल तर त्यातूनही उलटे ओढले जाते. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी ३ सेंटिमीटर उतरली तर १२ लिटर पाणी खाली येते; दोन टाक्या असतील तर २४. तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक भोक पाडले की हवा शिरून उलटी ओढ थांबते, पण ते भोक शेवाळाने बुजते, म्हणून अधूनमधून टाचणीने साफ करावे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबणे मला पटत नाही. वाळूचा एक कण अडकला की तो बंदच होत नाही. उतरणाऱ्या पाइपात गोगलगाय अडकू शकते, तेव्हा ओव्हरफ्लोला दुसरा, एरवी कोरडा राहणारा पाइप असावा.

इतके सगळे नीट जमले तरी पाण्याबरोबर आणखी काय वाटले जाते, ते राहतेच. मोठ्या एकत्र पाण्यात तापमान आणि अमोनिया दोन्ही संथपणे बदलतात, हा फायदा. पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशावरून सुटून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. त्यांना पूल म्हणजे राजरस्ता. एका टाकीतल्या माशांना तांबेयुक्त औषध दिले तर दुसरीतल्या कोळंब्या मरतात. यूव्ही दिव्याने त्याच्यासमोरून जाणारे जंतू मरतात, तळाशी चिकटलेले नाहीत. म्हणून नवे मासे ठेवायची विलगीकरणाची टाकी या जोडणीत कधीही घेऊ नये. तिची जाळीही वेगळी असावी. गोल्डफिश आणि डिस्कस यांच्या टाक्याही जोडू नयेत, एकाला गारवा हवा आणि दुसऱ्याला २८ अंशांच्या वरची ऊब. शिवाय जोडलेल्या प्रत्येक टाकीत आपापला स्पंज फिल्टर आणि हवेची नळी चालू ठेवावी, म्हणजे कधी तोडायची वेळ आली तर दोघीही आपापल्या बळावर तग धरतील.

पाणी वेगळे ठेवून फक्त थंडावा वाटून घेण्याचाही मार्ग आहे आणि एक टाकी खाऱ्या पाण्याची असेल तर तोच एकमेव. एका टाकीतले गार पाणी टायटॅनियमच्या वेटोळ्यातून दुसऱ्या टाकीत फिरवायचे. उष्णता धातूतून जाते, जंतू जात नाहीत. तांब्याचे वेटोळे स्वस्त पडते, पण कोळंबी आणि प्रवाळ यांना तांबे विष आहे. प्लास्टिकच्या नळीतून उष्णता फार कमी जाते.

चिलर घेण्याआधी पंखा वापरून पाहावा. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे ६७५ वॉट-तास उष्णता घेऊन जाते, म्हणजे दिवसभर २८ वॉटचा गारवा. पण पंख्याने पाणी हवेच्या ‘ओल्या तापमाना’खाली, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्याच्या खाली, जात नाही. नागपूरला मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २४ अंशांच्या आसपास येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ती २८ च्या वर असते. विदर्भात कूलरच्या हवेत वाढलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करावी, कारण पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. बोअरचे पाणी टाकत गेलात तर महिन्याभरात जडपणा वाढतो.

चिलर घेतलाच तर तो बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातली उष्णता खोलीत टाकतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता वरून घालतो; कपाटात कोंडला तर तीच परत पाण्यात येते. हिवाळ्यात दुसऱ्या टाकीतला हीटर २६ अंशांना लावलेला आणि चिलर २५ ला, अशी गफलत झाली तर दोघे रात्रंदिवस एकमेकांशी भांडतात आणि बिल तुम्ही भरता. हीटर चिलरपेक्षा किमान दोन अंश खाली लावावा. सगळी वीज ३० मिलिॲम्पिअरच्या अर्थ लीकेज ब्रेकरमधून घ्यावी आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळावरून खाली टपकते.

मासे सोडण्यापूर्वी आठवडाभर नुसत्या पाण्यावर सगळे चालवावे. मग मुख्य स्विच बंद करून तासभर पाहत बसावे. तो पुन्हा चालू करून पुलात मुद्दाम हवा सोडावी. ओव्हरफ्लोच्या पाइपात फडका कोंबावा. यातल्या प्रत्येक वेळी पाणी कुठपर्यंत चढले तिथे काचेवर मार्करने खूण करावी आणि कोणतीही खूण काठापासून दोन सेंटिमीटरच्या आत आली, तर पंप आणखी लहान आणावा.