गाडी नाही, तरी अम्मी आल्या : व्हिएन्नातले चार मुक्काम

"दादींना घरीच राहू द्या. चार दिवसांचाच तर प्रश्न आहे." मुलाने हे सहज म्हटले. अम्मींनी ऐकले आणि काहीही न बोलता त्या तसबीह घेऊन बाल्कनीत जाऊन बसल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलाकडे जर्मनीत, म्युनिकला गेलो होतो. तिथून शेजारच्या ऑस्ट्रियात चार रात्रींसाठी जाऊन यायचे ठरत होते. माणसे सात : आम्ही दोघे, पंधरा वर्षांची लेक, मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू आणि पंचाहत्तरीच्या अम्मी. अम्मींचे दोन्ही गुडघे दुखतात. थोडे चालले की बसावे लागते. मुलाचा हिशोब असा की गाडी भाड्याने घेतली तरच दादी येऊ शकतील आणि सात आसनांची गाडी खिशाला परवडत नाही. म्हणजे दादी नाहीत.

त्या रात्री आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. अम्मींना सोडून जायचे नाही, एवढे आधी लिहिले. बाकीचे त्याखाली.

गाडीचा हिशोब

गाडीचे भाडे हा खर्चाचा एक भाग झाला. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर जायचे तर वेगळी 'विन्येट' घ्यावी लागते. चौदा वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची खास सीट हवी. व्हिएन्नात तर १ मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळ्या शहरात सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १० पर्यंत रस्त्यावर दोनच तास गाडी लावता येते, तीही पैसे भरून. जास्त वेळासाठी गॅरेज शोधायचे आणि तिथून चालत यायचे. म्हणजे जिच्यासाठी गाडी घ्यायची, तिलाच जास्त चालावे लागणार! ट्राम मात्र राजवाड्याच्या आणि संग्रहालयाच्या जवळ आणून सोडते. मुलगा हसला आणि म्हणाला, "मग दादी येतायत."

एकच शहर, एकच मुक्काम

पहिल्या यादीत व्हिएन्ना, साल्झबुर्ग, ग्राझ, इन्सब्रुक आणि हालश्टाट अशी पाच नावे होती. हालश्टाटचे फोटो लेकीने आधीच जमवून ठेवले होते. पण तिथले रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे. उतरल्यावर होडीने गावात जायचे आणि परतताना होडी व गाडी दोन्हींच्या वेळा सांभाळायच्या. म्हातारे माणूस आणि लहान मूल बरोबर असताना अशा धावपळीत आनंद उरत नाही. ते नाव खोडले. लेक रुसली, पण साल्झबुर्ग ठेवल्यावर मानली.

साल्झबुर्ग म्युनिक-व्हिएन्ना मार्गावरच आहे. म्युनिकहून व्हिएन्ना थेट रेल्वेने सुमारे चार तास, तर व्हिएन्नाहून साल्झबुर्ग अडीच तासांच्या आसपास. म्हणून चारही रात्री व्हिएन्नातच आणि परतताना साल्झबुर्गला अर्धा दिवस उतरायचे असे ठरले. रोज बॅगा भरणे-उपसणे वाचले. रेल्वेची तिकिटे लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बसायला जागा हवी तर आरक्षण वेगळे करावे. आम्ही सातही जागा एकत्र राखल्या.

घर कसे निवडले

आम्ही तीनच अटी ठेवल्या : मेट्रो स्टेशन जवळ, स्वयंपाकघर आणि लिफ्ट. लिफ्टबद्दल घरमालकाला स्पष्ट विचारा. व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर 'होखपार्टेरे', त्यावर 'मेत्सानिन' असे मजले असतात आणि त्यानंतर कुठे 'पहिला मजला' सुरू होतो. कागदावरचा पहिला मजला प्रत्यक्षात तिसरा निघू शकतो. आम्ही विचारले म्हणून वाचलो. न्हाणीघरात हातशॉवर असला तरी लहान लोटा बरोबर न्यावा, फार सोय होते.

ट्राम, मेट्रो आणि गुडघे

व्हिएन्नाच्या मेट्रोला फाटके नाहीत. तिकिटावर आपणच निळ्या यंत्रात शिक्का मारायचा. तो राहिला तर तपासणीत मोठा दंड होतो, मग तिकीट खिशात असले तरी उपयोग नाही. एका दिवसाचा किंवा जास्त दिवसांचा पास घ्यावा, तो मेट्रो, ट्राम आणि बस तिन्हींना चालतो. विमानाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर आहे, त्यामुळे तेवढे जादा तिकीट लागते.

मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनावर लिफ्ट आहे. 'आउफझुग' हा शब्द नातवाने पहिल्याच दिवशी पाठ केला आणि दादींचा वाटाड्या झाला. काही जुन्या ट्रामना पायऱ्या असतात. थांब्यावरच्या फलकावर गाडीपुढे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह दिसले की ती गाडी जमिनीलगत, बिनपायऱ्यांची. आम्ही तिचीच वाट पाहायचो. चार-पाच मिनिटे जास्त गेली तर गेली.

रोज सकाळी एक ठिकाण, दुपारी घरी आराम आणि संध्याकाळी दुसरे, एवढेच ठेवले. ऑपेरा, संसद, नगरभवन हे सारे ज्या गोल रस्त्यावर आहे, तो रिंगरस्ता अम्मींनी ट्रामच्या खिडकीतून पाहिला. शोनब्रुन राजवाड्याच्या बागेला तिकीट नाही. नातवासाठी तिथले प्राणिसंग्रहालय. १७५२ साली सुरू झालेले हे जगातले सर्वांत जुने, अजून चालू असलेले प्राणिसंग्रहालय आहे. सरकारी संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत, त्यामुळे लेकीचा आणि नातवाचा खर्च वाचला.

आपल्याशी नाते सांगणाऱ्या जागा

राष्ट्रीय ग्रंथालयाचे पपायरस संग्रहालय छोटे आहे, गर्दी नसते. याच ग्रंथालयाच्या संग्रहात हिजरी २२, म्हणजे इ. स. ६४३ चा एक कागद आहे. ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत लिहिलेली ही मेंढ्यांची पावती. मुस्लिम फौजेने इजिप्तमध्ये ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची लेखी पोच दिली. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतला हा कागद! लेकीने शाळेत इतिहास वाचला होता, पण 'घेतले त्याची पावती द्यायची' ही गोष्ट तिच्या मनात बसली.

संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींसमोर, यू१ मेट्रोच्या वाटेवर 'मुहम्मद असद चौक' आहे. 'द रोड टू मक्का' लिहिणारे असद मूळचे लिओपोल्ड वाइस. जन्म १९०० सालचा, ज्यू घराण्यातला, शिक्षण व्हिएन्नात. १९२६ साली त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे ते हिंदुस्थानात आले, अल्लामा इक्बालना भेटले आणि दुसऱ्या महायुद्धात इथेच नजरकैदेत राहिले. व्हिएन्ना शहराने २००८ मध्ये चौकाला त्यांचे नाव दिले.

यू६ मेट्रोने 'नॉय डोनाऊ' स्टेशनाला उतरले की डॅन्यूबच्या काठी १९७९ साली खुले झालेले इस्लामिक सेंटर लागते. ऑस्ट्रियाने १९१२ मध्येच कायद्याने इस्लामला मान्यता दिली, कारण बोस्नियाचे मुसलमान तेव्हा या साम्राज्याचे प्रजाजन होते. आम्ही अस्रला गेलो. अम्मी बायकांच्या बाजूला खुर्चीवर बसून नमाज पढल्या. शेजारच्या बोस्नियन आजींना मराठी येत नव्हते आणि अम्मींना जर्मन. दोघी सलाम करून एकमेकींचे गुडघे दाखवत हसत बसल्या.

खाणे आणि नमाज

एक चूक सांगून टाकतो. आम्ही शनिवारी रात्री पोहोचलो. तिथे शनिवारी संध्याकाळी दुकाने बंद होतात आणि रविवारभर उघडत नाहीत. दूध नाही, पाव नाही आणि नातू रडतोय. शेवटी मुलगा मुख्य रेल्वे स्टेशनावर गेला. मोठ्या स्टेशनांतली किराणा दुकाने रविवारी चालू असतात. शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी पोहोचा.

सोमवारी आम्ही ब्रुननमार्क्ट गाठले. तिथे तुर्की खाटिक, भाजीवाले, पाववाले आहेत. हलाल आहे का, हे तरी विचारूनच घ्यावे. दोन दिवसांचा खिमा-पाव घरीच झाला. बाहेर खाताना 'श्वाइन' आणि 'श्पेक' हे डुकराच्या मांसाचे शब्द ओळखता आले पाहिजेत. केकमध्ये रम असू शकते, विचारायला लाजू नये. पाणी विकत घेऊ नका. १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येते आणि ते गोड आहे.

मेअखेरीस तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे इशा फार उशिरा आणि फजर फार लवकर. आम्ही कोकणी शाफई, सून हनफी घरातली. कसर दोघांनीही केली, जमा मात्र आम्हीच केली. आपापल्या मसलकाप्रमाणे निघण्याआधीच आलिमांना विचारून घ्यावे. किब्ला तिथून आग्नेयेला आहे. आणखी एक गोष्ट : २०१७ पासून तिथे सार्वजनिक जागी चेहरा झाकायला कायद्याने बंदी आहे, दंड होतो. डोक्यावरच्या ओढणीला पर्यटकांना आडकाठी नाही. नकाब वापरणाऱ्या भगिनींनी हा विचार घरीच करावा.

निघण्यापूर्वी

शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे मागावा. आमचा जर्मनीचा होता. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. पासपोर्ट हाताशी ठेवा, ऑस्ट्रियाहून जर्मनीत शिरताना रेल्वेत तपासणी होते. औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

परतताना साल्झबुर्गला सामान स्टेशनावरच्या लॉकरमध्ये ठेवून आम्ही बसने जुन्या शहरात गेलो. किल्ला उंच डोंगरावर, पण १८९२ पासून वर जायला दोरीची रेल्वे आहे. वर पोहोचल्यावर अम्मी कठड्याजवळच्या बाकावर बसल्या. खाली नदी, समोर आल्प्स. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग मुलाला म्हणाल्या, "तुझ्या दादाजींना डोंगर फार आवडायचे. मला वाटायचे, आता आपले बघणे संपले."

मुलाने त्यांचा हात धरून ठेवला. सात जणांच्या चार दिवसांचा खर्च वहीत लिहिलेला आहे, गाडीपेक्षा कमीच आला. पण सहलीचा बेत करताना यादी कुठून सुरू करायची, ते आम्ही आता शिकलो. घरातले जे माणूस सर्वांत हळू चालते, त्याच्यापासून.